जुळ्या मुलींना घेऊन कात्रजचं प्राणिसंग्रहालय : शनिवार-रविवारी झेपेल का?

सायलीचा_मांडव

नमस्कार मंडळी,

आमच्या जुळ्या मुली येत्या मार्चमध्ये चार वर्षांच्या होतील. मोठी चार मिनिटांनी मोठी, पण तेवढ्यावर ती धाकटीला दिवसभर दटावत असते. सध्या घरात वाघ, हत्ती, मगर याशिवाय दुसरा विषय नाही. चित्रांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत बघून झाली. आता दोघींना खराखुरा हत्ती बघायचाय.

आम्ही पुण्यात वारज्याला राहतो. नवऱ्याला सुट्टी शनिवार-रविवारचीच, म्हणजे गर्दी टाळून आडवारी जाणं जमणार नाही. सासूबाई आणि सासरे सोबत येणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. मोठी एका ठिकाणी तासभर रमू शकते. धाकटीच्या पायाला भिंगरी आहे, आणि भाजी मंडईतसुद्धा तिच्यामागे एक माणूस लागतो.

नातेवाइकांचं एकच पालुपद आहे : "एवढ्या लहान पोरींना काय कळतंय? सहा-सात वर्षांच्या झाल्या की न्या." मला हे अजिबात पटत नाही. आत्ता त्यांना जे कुतूहल आहे ते याच वयाचं आहे, ते सांभाळून ठेवून तीन वर्षांनी वापरता येत नाही.

तर विचारायचं ते असं. किती वेळ ठेवावा? बाबागाडी न्यावी की नको? सर्पोद्यान दाखवावं का? आणि काही जण म्हणतात त्याप्रमाणे कात्रज सोडून थेट मुंबईची राणीबाग करावी का? ज्यांनी जुळ्यांना घेऊन असं काही केलंय त्यांनी जरूर लिहा. ज्यांना एकच मूल आहे त्यांनीही लिहा, पण आमच्याकडे सगळं दुप्पट आहे एवढं लक्षात ठेवून.

पर्वतीकर

बुधवारी बंद असतं, बाकी सगळे दिवस उघडं. रविवारी अकरानंतर गर्दी वाढत जाते, म्हणून उघडायच्या वेळेलाच फाटकाशी हजर राहा. आवार जवळपास १३० एकरांचं आहे आणि त्यात कात्रजचा तलाव आला, तोच ४२ एकरांचा. त्यामुळे एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाताना चांगलीच तंगडतोड होते. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, सासूबाईंना त्यात बसवा. गाडीच्या रांगेत सासऱ्यांना आधीच उभं करा म्हणजे पोरींना ताटकळावं लागणार नाही.

दुहेरी_बाबा

आमचे जुळे मुलगे आता दुसरीत आहेत. ते साडेतीन वर्षांचे असताना आम्ही कात्रजला गेलो होतो, म्हणून अनुभवाने सांगतो.

पहिलं म्हणजे फाटकातून आत जायच्या आधी ठरवा की कुठली मुलगी कोणाची. "लक्ष ठेव हं" असं दोघांनी एकमेकांना सांगितलं की लक्ष कोणाचंच राहत नाही. आई मोठीची, बाबा धाकटीचे. आजी-आजोबा हे जादा मनुष्यबळ, त्यांच्यावर मूल सोपवायचं नाही.

एरवी आम्ही मुलांना सारखे कपडे घालत नाही, पण त्या दिवशी दोघांना भडक केशरी टोप्या घातल्या. गर्दीत टोपी शोधायची, चेहरा नाही. मनगटाजवळ बॉलपेनने फोन नंबर लिहून टाकला. डोंबाऱ्याच्या खेळाला जमतात तशी माणसं वाघाच्या कठड्याशी जमतात, तिथे मूल उचलूनच घ्यायचं.

आणि सगळं बघायचं मनातून काढून टाका. तीन-चार प्राणी पुरे. आमचा एक मुलगा मगरीपाशी जो थांबला तो हलेचना. मगर तोंड उघडं ठेवून निपचित पडली होती. "बाबा, तिचे दात कोण घासतं?" मी सांगितलं, तिला ऊन फार झालं की अंगातली उष्णता कमी करायला ती असं तोंड उघडं ठेवते, आपल्यासारखा घाम तिला येत नाही. परतीच्या वाटेवर कात्रजच्या सिग्नलपासून स्वारगेटपर्यंत दोघेही गाडीत आ वासून बसले होते. शेजारच्या रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, पोरांना बरं नाही का म्हणून.

कोथरूडची_कैरी

दुहेरी_बाबा, आ वासून 😄😄

सायली, धाकटीसाठी मनगटाला बांधायचा पट्टा मिळतो तो घे. एक टोक तिच्या हाताला, दुसरं तुझ्या. माझा भाचा असाच सुसाट आहे, आम्ही जत्रेत वापरला होता.

रोखठोक

पोरांना पट्टा? पोर म्हणजे काय पाळीव कुत्रं आहे? हात धरायला शिकवा. आमच्या वेळी आईने नुसते डोळे वटारले तरी आम्ही जागच्या जागी उभे राहत होतो.

दोन_चिमण्या

रोखठोक, तुमच्या आईला एका वेळी एकच पोर सांभाळायचं होतं का? जुळ्यांचं गणित वेगळं असतं. एक डावीकडे पळतं तेव्हा दुसरं हमखास उजवीकडे पळतं, आणि हात दोनच असतात, त्यातला एक पाण्याच्या बाटलीत अडकलेला. पट्ट्याने मूल अपमानित होत नाही. रस्त्यावर, तलावाच्या काठाला, पार्किंगमध्ये ते सुरक्षित राहतं. लोक बघतात, बघू देत. मी दोन वर्षं वापरला आणि मुली पाच वर्षांच्या झाल्यावर आपसूक सुटला.

रोखठोक

बरं, जुळ्यांच्या बाबतीत माघार घेतो. पार्किंगचा मुद्दा पटला.

रानभूल

माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून मांडतोय, कोणाच्या सहलीवर विरजण घालायचं म्हणून नाही. पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा बिबट्या दाखवून मुलांना आपण काय शिकवतो? त्यापेक्षा भिगवणला न्या. हिवाळ्यात उजनीच्या पाणपसाऱ्यावर रोहित पक्षी येतात, होडीतून बघता येतात. किंवा सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं, तिथे चिंकारा मोकळे फिरताना दिसतात. जनावर आपल्या मर्जीने दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर नाही, हेही मुलांना कळायला हवं.

दोन_चिमण्या

रानभूल, तुमचं म्हणणं पोचलं, पण चार वर्षांच्या दोन पोरींना उभ्या होडीत आवरणं कसं असतं याची कल्पना करा. मोकळ्या पाण्यावर मला तरी धीर झाला नसता. चिंकारा दोनशे फुटांवर दिसतो आणि या वयात दुर्बीण धरता येत नाही. मी मुलींना भिगवणला नेलं ते त्या आठ वर्षांच्या झाल्यावर, तेव्हा त्यांनी खरंच डोळे भरून पाहिलं.

नागझिरा_भटक्या

दोघांच्या मध्ये थोडं लिहितो. कात्रजला जनावरं नुसती पकडून आणलेली नाहीत. तिथे अनाथ आणि जखमी प्राण्यांचं केंद्रही आहे. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, हे दर ऊसतोडीला पेपरात येतं. शक्य असेल तिथे वनखातं ती परत आईपाशी पोचवतं. जे बिबटे परत जंगलात सोडता येत नाहीत त्यांच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. माणसाच्या वस्तीत वाढलेलं किंवा पाय गमावलेलं जनावर कुठे तरी राहणारच. ते नीट ठेवलं आहे की नाही, मोकळी जागा, सावली, पाणी, लपायला आडोसा आहे की नाही, हे प्रश्न विचारायला हवेत. आणि ते मुलांसमोरच विचारावेत.

येरझाऱ्या घालणारं जनावर दिसलं तर मुलांपासून लपवू नका. "त्याला कंटाळा आलाय, त्याला जास्त जागा हवीय" एवढं चार वर्षांच्या मुलाला कळतं.

रानभूल

हे शेवटचं वाक्य मला मान्य. असं बोलून दाखवणारे पालक असतील तर माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा पांढऱ्या वाघासाठी राखून ठेवतो. लोक रांगा लावून पांढरा वाघ बघतात आणि ती वेगळी जात आहे असं मुलांना सांगतात. ती वेगळी जात नाही. १९५१ साली रीव्याच्या जंगलात मोहन नावाचं पांढरं पिल्लू पकडलं, आणि आज जगभरच्या पिंजऱ्यांत जे पांढरे वाघ आहेत त्यातले बहुतेक त्याच्या वंशातले. रंग टिकवायला जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या, त्यातून तिरळेपणासारखे दोष आले. मुलांना पट्टेरी वाघापाशी जास्त वेळ उभं करा, एवढीच विनंती.

सायलीचा_मांडव

रानभूल, हे मला खरंच माहीत नव्हतं. नक्की सांगेन मुलींना, त्यांच्या भाषेत.

साताऱ्याची_आज्जी

सायली बाळा, मी जरा जुनं सांगते. आम्ही लहानपणी साताऱ्याहून पुण्याला मामाकडे यायचो तेव्हा सारसबागेजवळचं पेशवे पार्क म्हणजे स्वर्ग होता. ते १९५३ साली सुरू झालं. पुढे १९५६ ला तिथे फुलराणी आली, छोटी आगगाडी. बोगद्यातून जाताना सगळी पोरं एकदम ओरडायची आणि ते ऐकायला मोठी माणसं बाहेर उभी राहायची. तिथले पिंजरे मात्र फार लहान होते हो. वाघ एका उडीत या भिंतीवरून त्या भिंतीला. मला तेव्हाही वाईट वाटायचं, पण बोलायची पद्धत नव्हती. नंतर प्राणी कात्रजला नेले ते बरंच झालं. १९९९ ला कात्रजचं उद्यान लोकांना खुलं झालं तेव्हा मी नातवाला घेऊन गेले होते. एवढी मोकळी जागा बघून हायसं वाटलं.

तुझ्या सासूबाईंना सांग, गुडघ्याला पट्टा बांधून यावं आणि पहिली फेरी गाडीतूनच मारावी. आणि पोरींची दृष्ट काढ घरी आल्यावर. जुळ्यांना लोक फार टक लावून बघतात.

हडपसरचा_हरी

आज्जी, फुलराणीतून ओरडणाऱ्यांत मीही होतो! आता ती जागा ऊर्जा उद्यान झाली आहे. वाघ गेले तरी ओरडणं चालू आहे.

दुहेरी_बाबा

आज्जींनी टक लावून बघण्याचा विषय काढला तर सांगतोच. जुळी घेऊन रविवारी बाहेर पडलं की प्राण्यांइतकीच गर्दी आपल्याभोवती होते. "जुळी का? सारखीच दिसतात हो! मोठा कोण? दोघं एकदमच रडतात का?" काही जण न विचारता फोटो काढतात. आम्ही सरळ सांगतो, "फोटो नका काढू." आवाज न चढवता, पण थांबून सांगतो. मुलांनाही ते ऐकू यावं म्हणून.

अवांतरप्रेमी

थोडं अवांतर. माझ्या मावसबहिणीच्या जुळ्यांना एका बाईंनी विचारलं, "तुमच्यात मोठा कोण?" त्यातला एक म्हणाला, "बाबा." 😀

मुंबईची_मावशी

राणीबागेबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी परळची, राणीबागेतच वाढले म्हणा. १८६१ सालची बाग आहे, आणि प्राण्यांइतकंच तिथल्या झाडांसाठी जावं. गोरखचिंचेचा बुंधा दोन मुलींनी हात पसरून मोजायचा, तोच एक खेळ होतो. जुनी झाडं दाट असल्यामुळे सावली भरपूर, बाबागाडी नेता येते.

पेंग्विन हे मुख्य आकर्षण. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले. ते हम्बोल्ट जातीचे, म्हणजे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नाहीत. पाण्याखालून सुळ्ळकन जातात ते बघून मुलं खिळतात. रविवारी मात्र काचेपुढे गर्दी सरकती असते, मनसोक्त थांबता येत नाही. आमच्याकडेही बुधवार बंद.

पण खरं सांगू? पुण्याहून जाऊन येऊन एका दिवसात जुळ्यांना घेऊन राणीबाग करू नका. जाण्यातच मुली दमतील आणि हत्ती बघायच्या वेळेला झोपतील. मुंबईत कोणाकडे मुक्काम असेल तर या, नाही तर कात्रजच बरं.

अजनीवाला

नागपूरकडे येणं झालं तर गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाले या बाप्पा. २६ जानेवारी २०२१ ले सुरू झालं. बसमध्ये बसायचं, बस फिरते, वाघ-अस्वलं खिडकीतून बघायची. जुळ्यांसाठी लय बेस, कारण पोरं पळून जातील तरी कुठं? गाडीतच असतात ना. आमचं जुनं महाराजबाग प्राणिसंग्रहालय आहेच, तिथं आमच्या तीन पिढ्या खेळल्या. फक्त एप्रिल-मे मधे येऊ नका, आमचं ऊन पोरांचं काम नाही.

माडाखालची

फोंड्याहून लिहितेय. आमच्याकडे बोंडला अभयारण्यात लहानसं प्राणिसंग्रहालय आहे. छोटं आहे म्हणूनच लहान मुलांना बरं पडतं, दोन तासांत आटोपतं. गुरुवारी बंद. गोव्याला सुट्टीत येता तेव्हा सगळे किनाऱ्यावर जातात, एक सकाळ इकडे काढा. गवा हा आमचा राज्यप्राणी. त्याच्या चारी पायांना गुडघ्यापासून खाली पांढरा रंग असतो. माझा मुलगा म्हणायचा, "आई, त्याने शाळेचे मोजे घातलेत." तुमच्या मुलींना कात्रजला गवा दिसला तर मोजे दाखवा.

सर्पगंध

सर्पोद्यानाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ सालचं, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या आधीचं. ते उभं करण्यात नीलिमकुमार खैरे यांचा मोठा वाटा. १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून त्यांनी विक्रम केला होता, सापांबद्दलची अनाठायी भीती जावी म्हणून. आमच्या पिढीतल्या बऱ्याच सर्पमित्रांना तिथूनच गोडी लागली.

चार वर्षांच्या मुलांना साप जरूर दाखवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही आपल्याकडची चार मुख्य विषारी नावं आत्ता नुसती कानावर पडली तरी चालेल. फक्त दोन गोष्टी पाळा. मूल घाबरत असेल तर उचलून काचेपाशी धरू नका. दूर उभं राहून त्याने स्वतः एक-एक पाऊल पुढे यावं. आणि काचेवर टकटक करू देऊ नका. सापाला बाहेरून दिसणारा कान नसतो, पण हादरे त्याला चांगले कळतात. जीभ आत-बाहेर करतो ती वास घेण्यासाठी, चावायला नव्हे. हे सांगितलं की मुलं जीभ बाहेर काढून वास घ्यायचा प्रयत्न करतात, त्याला माझा इलाज नाही.

पर्वतीकर

काचेवर टकटक, वाघाला "ए उठ" म्हणून हाका, माकडांना वेफर्स... हे बघून डोकं फिरतं. वन्यजीव कायद्याच्या ३८-जे कलमात प्राण्यांना छेडणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हे सगळं मना केलेलं आहे. मांजरकुळातली जनावरं दिवसातला बराचसा वेळ झोपूनच काढतात, वाघ तुमच्यासाठी उठणार नाही. सायली, मुलींना आधीच सांगून ठेवा की वाघ झोपलेला असेल. म्हणजे हिरमोड होत नाही.

कोथरूडची_कैरी

झोपलेल्या वाघावरून आठवलं. माझी भाची हळूच म्हणाली, "शूऽऽ, त्याची आई त्याला आत्ताच निजवून गेलीय." मागे आरडाओरडा करणारी चार-पाच मोठी पोरं एकदम गप्प झाली.

जुनी_जाणती

माझ्या जुळ्या लेकी आता कॉलेजात आहेत, म्हणून जरा लांबून बघून लिहिते.

दुहेरी_बाबांनी एकेक मूल वाटून घ्या म्हटलं ते सुरक्षिततेसाठी. मी एक पाऊल पुढे जाऊन सांगेन की आत गेल्यावर चक्क वेगळ्या वाटेने जा. तू मोठीला घेऊन हत्तीकडे, बाबा धाकटीला घेऊन तिला हवं तिकडे. तासाभराने ठरलेल्या झाडाखाली भेटा.

जुळ्यांच्या वाट्याला स्वतःचं असं फार थोडं येतं. वाढदिवस एक, वर्ग एक, खाऊ निम्मा-निम्मा, हाक मारतानाही "पोरींनो". एकीला कासव बघायचं असतं पण दुसरी ओढते म्हणून दोघी निघतात. दोघींनी दिवसभर तेच बघितलं की घरी येऊन एकमेकींना सांगायला काही उरत नाही, आणि आपल्याला सांगतात तेही एकमेकींची वाक्यं तोडून. माझ्या मुलींच्या बाबतीत हे उशिरा, सहावी-सातवीत, तुकड्या वेगळ्या झाल्यावर दिसलं. त्या वर्षी दोघी संध्याकाळी तासन् तास एकमेकींशी बोलायच्या, कारण पहिल्यांदा एकीकडे दुसरीला माहीत नसलेलं काही तरी होतं.

हडपसरचा_हरी

जाणत्या ताई, पण मग ती कौटुंबिक सहल कशी झाली? आजी-आजोबांना तर दोघी एकत्र हव्या असतात. फोटोत तरी?

जुनी_जाणती

तासभरच वेगळं फिरायचं हो, बाकी डबा एकत्रच खायचा. आजी-आजोबांनाही एकेक नात मनाजोगी मिळते. दोघी एकदम असल्या की आजीला नुसतं "अगं पडशील" एवढंच बोलता येतं.

दोन_चिमण्या

हे वाचून मी थांबलेच. माझ्या मुली नऊ वर्षांच्या आहेत आणि मी आजवर त्यांना कुठेही वेगवेगळं नेलेलं नाही. वाचनखूण साठवली.

दुहेरी_बाबा

पूर्ण अनुमोदन. पण धाकटी ज्याच्याकडे असेल त्याने बूट घालून यावं, चपला नकोत.

सायलीचा_मांडव

जाऊन आलो! सविस्तर लिहिते, कारण बरंचसं या धाग्यातूनच ठरवलं होतं.

रविवारी उघडायच्या वेळेला पोचलो. केशरी टोप्या मिळाल्या नाहीत, पिवळ्या घातल्या. बाबागाडी नेली नाही. पट्टा घेतला होता तो पार्किंगपासून तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणि तलावाच्या बाजूला वापरला, धाकटीने काही तक्रार केली नाही. सासूबाई आणि सासरे बॅटरीच्या गाडीतून फिरले. आम्ही जाणत्या ताईंनी सांगितलं तसे दोन वाटांनी निघालो.

मी आणि मोठी हत्तीपाशी. हत्ती सोंडेने माती उचलून पाठीवर टाकत होता. पहिली सोंड, दुसरी सोंड, मग थोडं थांबून कानामागे. मोठी म्हणाली, "तो पावडर लावतोय." मी सांगितलं की ऊन आणि किडे लागू नयेत म्हणून तो माती लावतो. तिने कठड्याच्या अलीकडची चिमूटभर माती उचलून स्वतःच्या कोपराला लावली आणि परत बघत बसली. मागून माणसं येत होती, फोटो काढून जात होती. हत्तीने सगळी पाठ भरून झाल्यावर सोंड शेवटी पुढच्या पायावर ठेवली, तेव्हाच ती उठली. दुसरा प्राणी आम्ही बघितलाच नाही, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

धाकटीने बाबांना पळवलं. हरणं, अस्वल, गवा, पुन्हा हरणं, पुन्हा गवा. माडाखालची, मोजे तिने स्वतः शोधले, बाबांनी सांगायच्या आधी! एक बिबट्या जाळीच्या कडेने सारखा ये-जा करत होता. नागझिरा_भटक्या यांनी लिहिलं होतं ते आठवून नवऱ्याने तिला सांगितलं की त्याला जागा कमी पडतेय. ती जाळीपासून दोन पावलं मागे आली आणि म्हणाली, "मग आपण पण मागे होऊ, म्हणजे त्याला जागा होईल." नवरा हे सांगताना गप्प झाला होता, म्हणून इथे लिहितेय.

झाडाखाली भेटलो. दशम्या आणि बटाट्याची कोरडी भाजी काढली, पण दोघींचं खाण्याकडे लक्षच नव्हतं. मोठी हत्तीच्या पावडरीचं सांगायला लागली, धाकटी म्हणे "मी नाही बघितलं, परत सांग." मग धाकटीने मोज्यांचं सांगितलं, तर मोठी म्हणाली, "खोटं." त्यावर धाकटीने बाबांना साक्षीला ओढलं. दोघींचं हे असं बोलणं मी आजवर ऐकलेलं नव्हतं. एरवी दोघी एकदम माझ्याशी बोलतात. या वेळी एकमेकींशी बोलत होत्या, आणि आम्ही चौघं नुसते ऐकत होतो. जाणत्या ताई, तुम्ही हे सुचवलं नसतंत तर मला सुचलंच नसतं. मनापासून आभार.

जेवण झाल्यावर सासऱ्यांनी मोठीला गवा दाखवला आणि सासूबाईंनी धाकटीला गाडीतून हत्तीकडे नेलं. दीडच्या सुमारास दोघी पेंगायला लागल्या तेव्हा निघालो. पांढऱ्या वाघाकडे गेलो नाही, रानभूल. सर्पोद्यानही राहिलं.

साताऱ्याची_आज्जी

वाचून डोळे भरले गं. दृष्ट काढलीस का?

सायलीचा_मांडव

काढली आज्जी, मीठ-मोहरीने, सासूबाईंनीच. दोघींची वेगवेगळी काढली.

रानभूल

धाकटीचं बिबट्याजवळचं वाक्य वहीत लिहून ठेवा. उन्हं वाढायच्या आत एकदा मयूरेश्वरला या. होडी नाही, मोकळं माळरान आहे, पळायला जागा भरपूर. धाकटीला आवडेल.

सर्पगंध

सर्पोद्यान पुढच्या खेपेला. सकाळी गर्दी कमी असते तेव्हा आधी तेच करा, मग बाकीचं.

नवा_पालक

सगळा धागा वाचला. आमचे जुळे, मुलगा आणि मुलगी, सव्वातीन वर्षांचे. येत्या शनिवारी कात्रजला जातोय. एक शंका : वेगळे फिरताना एक मूल मध्येच दुसऱ्यासाठी रडायला लागलं तर काय करायचं? आमच्याकडे मुलगी भाऊ दिसेनासा झाला की लगेच शोधते.

जुनी_जाणती

फोन करून लगेच भेटायचं, ताणायचं नाही. पहिल्या वेळी दहा मिनिटं वेगळं फिरलात तरी पुरे. आणि ती शोधायला लागली की तिला विचारा, "दादाला काय काय सांगशील?" बरेचदा मुलं सांगण्यासाठी म्हणून आणखी थोडं बघतात.

नवा_पालक

दादा नाही, तो धाकटा आहे, दोन मिनिटांनी 😊 पण समजलं. शनिवारी जाऊन आलो की इथेच लिहितो.